कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य: आधी समुपदेशक की आधी पाळ्यांचे वेळापत्रक?

जगबुडीकाठ (खेड):
लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी नोकरीला आहे. मध्यंतरी आमच्याकडे ताणतणावावर व्याख्यान झाले आणि त्यासाठी रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगारांना तासभर थांबवून ठेवण्यात आले. जिथे पुढच्या आठवड्याची पाळी रविवारी संध्याकाळी फलकावर लागते, रिलिव्हर (पुढच्या पाळीचा कामगार) आला नाही तर ‘डबल’, म्हणजे सलग दुसरी पाळी, केल्यावाचून गत्यंतर नसते आणि गणपतीची रजा मंजूर झाली की नाही हे चतुर्थी तोंडावर आली तरी कळत नाही, तिथे समुपदेशक आणून फारसे काही साधणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कामाचा बोजा आणि कामाच्या वेळा यांतून येणारा धोका कमी करण्यावर भर आहे.

काजूबाग (वेंगुर्ले):
मी असहमत आहे. माझ्या काजू प्रक्रिया केंद्रात पाळ्या नाहीत; सोलणीची मजुरी किलोवर मिळते. एका अनुभवी बाईची सोलणी निम्म्यावर आली आणि तिच्या ताटात अख्ख्या गरापेक्षा तुकडाच जास्त दिसू लागला. बाजूला बसवून विचारले तेव्हा समजले की तिला कित्येक आठवडे धड झोप नव्हती, मुंबईत नवऱ्याचे काम सुटले होते आणि बचत गटाचे हप्ते थकले होते. तिला वेळापत्रकाची नव्हे, ऐकून घेणाऱ्या माणसाची आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाची गरज होती.

जगबुडीकाठ:
ताई, आपण तिची विचारपूस केलीत हे मोलाचेच आहे. परंतु मन थाऱ्यावर नसताना मजुरी निम्मी होणे आणि रुग्णालयात गेलेल्या दिवशी ती पूर्ण बुडणे, हा कामाच्या रचनेचाच भाग नाही का? त्या दिवसांची मजुरी तिला मिळाली का?

काजूबाग:
मिळाली. मात्र सर्वांसाठी तसा नियम करणे माझ्यासारख्या लहान उद्योजकाला, खेळत्या भांडवलाचे व्याज भरता भरता, झेपणारे नाही. म्हणूनच कमी खर्चात होणारी मदत मी आधी धरते.

मिऱ्या (रत्नागिरी):
दोघांच्याही म्हणण्यात गोपनीयतेचा मुद्दा राहून गेला आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या शहरात आहे. तरीही, किंबहुना त्यामुळेच, तिथल्या फाटकातून आत जाताना कुणी पाहील या धास्तीने माणसे उपचार लांबवतात. मग समुपदेशकाची खोली व्यवस्थापकाच्या दालनाशेजारी असेल, तर तिथे कोण गेले हे चहाच्या सुट्टीपर्यंत सर्वांना कळणार. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. कारखान्याच्या सामूहिक विम्यात ते आहे का, हे कामगारांनी विचारलेच पाहिजे. शिवाय १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी मदतवाहिनीची विनामूल्य सेवा चोवीस तास, मराठीतूनही मिळते. तो क्रमांक पगारपत्रकावर छापायला काय हरकत आहे?

काजूबाग:
हे मला लगेच करता येईल. आमच्याकडे तो मजुरीच्या वहीवर लिहीन.

जगबुडीकाठ:
क्रमांक छापावा, विम्याचेही विचारू. तरी माझी मागणी मी मागे घेत नाही. पाळ्यांचे पत्रक पंधरा दिवस आधी लागावे, ‘डबल’ नाकारणाऱ्यावर शेरा मारला जाऊ नये आणि यापुढचे प्रत्येक व्याख्यान कामाच्या वेळेत व्हावे, हे तीन मुद्दे मी युनियनच्या येत्या बैठकीत मांडणार आहे.