मदत हवी आहे: यांकीजच्या सह्या असलेला जुना बेसबॉल

नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या आजींकडे त्यांच्या यजमानांनी जपलेला, न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या खेळाडूंच्या सह्यांचा बॉल आहे. आजींना तो विकायचाय आणि त्यांना कुणी फसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

बॉलवर अमेरिकन लीगचे अध्यक्ष जो क्रोनिन यांच्या नावाचा शिक्का आहे, म्हणजे तो १९५९ ते १९७३ मधला. घरच्यांच्या मते सह्या १९६१ च्या संघाच्या, रॉजर मॅरिसने ६१ होमरन मारले त्या वर्षीच्या. मॅरिसची निळ्या बॉलपेनची सही ठसठशीत आहे, उजेडाकडची बाजू मात्र फिकी पडलीये.

खरी धास्ती त्याच संघातला बडा खेळाडू मिकी मँटल याच्या सहीची. त्या काळी संघाच्या बॉलवर मोठ्या खेळाडूंच्या सह्या बरेचदा क्लबहाउसमधली (खेळाडूंच्या खोलीत कामाला असलेली) पोरंच करून टाकायची. या सहीत पहिल्या अक्षराच्या वळणावर रेघ थांबून पुन्हा सुरू झालेली दिसते. ती खोटी निघाली तर किंमत धाडकन उतरेल.

पीएसए की जेएसए (सह्या खऱ्या आहेत का ते तपासणाऱ्या कंपन्या), अशा बॉलसाठी कुणाचं प्रमाणपत्र घ्यावं? टपालाने पाठवायला जीव धजत नाही. समोरासमोर तपासून मिळतं का? लिलावात दिला तर हातात साधारण किती पडतं? शाई जाईल म्हणून बॉल पुसलेलाही नाही. अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.