संयुक्त वन व्यवस्थापनाच्या करारावर सही करण्यापूर्वी ग्रामसभेने काय तपासावे?

सह्यपायथा

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वरच्या अंगाला कड्याखाली राखीव वनाचा एक पट्टा आहे, त्याच्या खाली सगळे मालकी रान. गेल्या महिन्यात वनपाल ग्रामसभेला आले होते. गावाने संयुक्त वन व्यवस्थापन समिती (गाव आणि वनखाते मिळून वन राखण्यासाठीची) स्थापन करून खात्याशी करार करावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि चार पानी मसुदा वाचून दाखवला. माणूस सज्जन आहे, त्यांच्या हेतूविषयी कोणालाच शंका नाही. मसुदा मात्र मी घरी आणून तीनदा वाचला आणि दोन गोष्टी मनात सलत राहिल्या.

वणवा विझवावा, चोरटी तोड पकडून द्यावी, गुरे आवरावीत, अशी गावाची कर्तव्ये दीड पानभर लिहिली आहेत. खात्याने काय करायचे ते मात्र "निधीच्या उपलब्धतेनुसार" या दोन शब्दांत आटोपले आहे. दुसरी गोष्ट वाडीतल्या बायकांनी काढली. भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या, तसेच शिकेकाई, हिरडा हे सगळे त्या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या येते, आणि मसुद्यात फक्त "गवत व सरपण" आहे. पट्ट्याच्या कडेची ऐनाची झाडे पाहिली तर वर्षानुवर्षे कवळ तोडल्याने त्यांच्या फांद्यांवर मुठीएवढ्या गाठी आलेल्या दिसतात. तरीही झाडे जिवंत आहेत, कारण शेंड्याला कोयती लावायची नाही हा आमच्याकडचा नेम आहे. हा नेम कोणत्याही कागदावर नाही. आजवर जे तोंडी चालले ते करारात आले नाही, तर उद्या तो करारच दाखवून ते बंद केले जाईल, अशी भीती वाटते. सही करावी की थांबावे?

जुनाबुरूज

मी वनखात्यात नोकरी केली आहे आणि अशा समित्यांचा सचिव म्हणूनही काम केले आहे, त्यामुळे आतल्या बाजूने लिहितो. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने वनालगतच्या लोकांच्या गरजांना प्राधान्य दिले, त्यातून केंद्राचे १ जून १९९० चे परिपत्रक निघाले आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये आपला शासन निर्णय काढला. म्हणजे आपल्यासमोरचा करार शासन निर्णयावर उभा आहे, कायद्यावर नाही, आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो, हे आधी ध्यानात घ्यावे.

तरीही समित्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. डिसेंबर-जानेवारीत गावाने स्वतः जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी आधीच मोकळे केलेले पट्टे) काढल्या आणि मार्चमध्ये वणवा त्या रेषेवर येऊन थांबला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खात्याच्या दोन रक्षकांना ते कधीच जमले नसते. पण एका गावात माझ्यानंतर आलेल्या सचिवाची बदली झाली, बँक खाते संयुक्त सहीचे होते, आणि नवा माणूस रुजू होऊन सह्यांचे नमुने बदलेपर्यंत दोन हंगाम मजुरी अडकली. लोकांनी पुन्हा जाळरेषेला हात लावला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून कराराच्या पानांपेक्षा सूक्ष्म आराखड्याकडे, म्हणजे त्या वनात काय, कधी आणि कसे करायचे याच्या सविस्तर योजनेकडे, अधिक लक्ष द्यावे. पट्ट्याचा नकाशा, कवळ कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडांची आणि किती उंचीपर्यंत तोडायची, हे सगळे त्यात लिहिता येते. शेंडा राखण्याचा आपला नेम शब्दशः त्यात घाला. आराखडा नंतर करू, आधी सही करा, असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा.

सामूहिकदावा

वरील प्रतिसादात एक मोठी गोष्ट राहिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) नुसार गावाला आपल्या पारंपरिक सीमेतील सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो, आणि कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव व जैवविविधता राखण्याचे अधिकार देते. हा हक्क संसदेच्या कायद्याने मान्य केलेला आहे. समिती बरखास्त झाली म्हणून तो जात नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये तो मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला, तो या हक्काच्या बळावर.

कोकणात हा कायदा आदिवासींपुरताच आहे असा समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. कुणबी, धनगर, मराठा अशा इतर पारंपरिक वननिवासींनाही दावा करता येतो, मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य आणि वनावरचे अवलंबन दाखवावे लागते. त्यासाठी जुने कागद लागतातच असे नाही, कारण दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही नियमांनी पुरावा मानले आहे. ज्या बायकांनी हिरड्याचा आणि कवळाचा मुद्दा काढला, त्यांच्या सासवांना आज बोलते करा. दहा वर्षांनी ती निवेदने देणारे कोणी उरणार नाही.

माझे मत असे की, करार अवश्य करावा, पण त्यात "या करारामुळे वनहक्क कायद्याखालील कोणत्याही वैयक्तिक अथवा सामूहिक हक्काला बाधा येणार नाही" हे वाक्य असल्याशिवाय सही करू नये. कागदाने केवढे बदलते, हे सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, गेळे आणि चौकुळच्या गावकऱ्यांना विचारावे. संस्थानाशी कबुलायत (लेखी करार) करून ज्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या, त्यांच्या सातबारावर पुढे महाराष्ट्र शासनाचे नाव लागले, आणि तो गुंता सोडवण्यात गावांची कित्येक वर्षे गेली.

रातांबा

मूळ प्रश्न सरकारी पट्ट्याचा आहे, पण आपल्या जिल्ह्यातले बहुतांश रान मालकीचे आहे, त्यामुळे थोडे त्याविषयीही लिहितो. एका सातबारावर तीस-चाळीस नावे, निम्मे वारस मुंबईत, आणि ठेकेदार रोख रक्कम घेऊन दारात. अशा रानाचे काय होते ते सांगायला नको. आपल्याच तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकांशी ठरावीक मुदतीचे संवर्धन करार केले आहेत: मालकाने रान तोडायचे नाही आणि त्याबदल्यात त्याला मोबदला मिळायचा. आमच्या शेजारच्या रानात एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत ककणेराची (धनेश पक्ष्याची) मादी दरवर्षी स्वतःला लिंपून घेते, आणि नर चिरेएवढ्या फटीतून तिला फळे भरवतो. तो बेहडा ठेकेदाराच्या हिशेबात काही घनफूट लाकूड असतो. खाली मालकी रान तुटले तर वर राखीव पट्टा एकटा टिकणार नाही, म्हणून आपल्या आराखड्यात लगतच्या मालकांनाही बोलवावे.

यारातीरावरून

मी मूळचा गुहागरचा, आता मेलबर्नला असतो. इथे करार दोन सरकारांमध्ये झाले. १९९२ च्या राष्ट्रीय वन धोरण निवेदनानंतर ऑस्ट्रेलियाच्या संघीय सरकारने १९९७ ते २००१ या काळात चार राज्यांशी दहा प्रादेशिक वन करार केले. पहिला १९९७ चा, व्हिक्टोरियातील पूर्व गिप्सलँडचा. मुदत वीस वर्षे होती आणि दर पाच वर्षांनी आढावा ठरलेला होता. कराराखालच्या लाकूडतोडीला १९९९ च्या संघीय पर्यावरण कायद्याच्या परवानगीतून सूट मिळाली. आढावे रखडले तरी सूट चालूच राहिली.

लेडबीटर्स पॉसम हा झाडांच्या ढोलीत राहणारा लहान प्राणी धोक्यात आल्याने प्रकरण न्यायालयात गेले. तोडीत नियम पाळले गेले नाहीत, म्हणून सूट लागू होत नाही, असा निकाल २०२० मध्ये लागला. २०२१ मध्ये अपिलात मात्र सूट कायम राहिली. शेवटी व्हिक्टोरिया सरकारने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी नैसर्गिक जंगलातील व्यापारी तोडच बंद केली. आपला मामला वेगळा आहे हे मान्य. पण खात्याने आढावा घेतलाच नाही किंवा पैसे दिलेच नाहीत, तर करारातील गावावरची बंधने आपोआप थांबतात का, हे मसुद्यात शोधावे. नसेल तर लिहून घ्यावे.

सह्यपायथा

सर्वांचे मनापासून आभार. काल वाडीत बैठक घेतली. वनहक्काचे दावे हाताळणाऱ्या वनहक्क समितीची निवड येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतली आहे आणि कराराचा विषय त्यानंतरच्या सभेपर्यंत पुढे ढकलावा, अशी विनंती वनपालांना लेखी दिली. त्यांनी ती स्वीकारली. रविवारी चार वयस्कर बायकांबरोबर पट्ट्याची हद्द चालायची आहे. त्यातल्या एक ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि खात्याच्या हद्दीच्या बुरुजांपेक्षा झाडांवरून हद्द सांगतात. जुनाबुरूज, आराखड्यासोबतच्या नकाशात अशा झाडांची नोंद कोणत्या पद्धतीने करावी, एवढे कृपया सांगावे.