डिझायर सीएनजीला टायर सुचवा (चार टायर, बजेट १८ हजार)

मुलुंडकर: २०२२ची डिझायर व्हीएक्सआय सीएनजी. साइज १६५/८० आर१४. पुढचे दोन पार गोटा, मागचे बरे आहेत. रोज मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), गणपतीला रत्नागिरी. फिटिंग धरून १८ हजारांत बसवा. गाडी अ‍ॅव्हरेजसाठीच घेतलीय, ते पडायला नको.

पार्ल्याचा_पक्या: डोळे झाकून मिशेलिन. माझ्या होंडा सिटीला आहेत, लोणी आहे लोणी. पैशाकडे बघू नकोस.

मुलुंडकर: पैशाकडे बघायलाच धागा काढलाय रे.

रांगेतला_सीएनजी: एमआरएफ. आवाज थोडा करतात पण खड्ड्यांना दाद देत नाहीत.

लालबागचे_अण्णा: कुठलेही घ्या, नायट्रोजन भरा. समृद्धीवर लोक उगाच टायर फोडून घेतात.

कुर्ला_डेपो: अण्णा, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि तो रत्नागिरीला चाललाय, समृद्धी कुठून आली मध्ये?

लालबागचे_अण्णा: मग विमानात का भरतात?

वहिनी_ऑन_व्हील्स: विमान राहू द्या. मुलुंडकर, नवे टायर टाकल्यावर अ‍ॅव्हरेज थोडं कमी दिसणारच. झिजलेला टायर हलका फिरतो, शिवाय त्याचा घेर कमी झाल्यामुळे मीटर किलोमीटर वाढवून दाखवत असतं. लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. काही टायरांना फ्रिजसारखं बीईईचं स्टार लेबल असतं, मिळाला तर तो बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, ‘DOT’ लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा: १४२५ म्हणजे २०२५चा १४वा आठवडा. जुना माल खपवतात. अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) करूनच निघा, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात. हवा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे, तीही गाडी थंड असताना.

हायवे_किंग: १८५/६५ आर१५ टाक, अलॉय सकट. घेर जवळपास तोच, मीटर चुकत नाही. गाडी काय दिसते!

वहिनी_ऑन_व्हील्स: रुंद टायर, जड चाक. त्यांनी अ‍ॅव्हरेज विचारलंय, लग्नाची वरात नाही.

घोडबंदर_पीडित: माझ्या नव्या टायरला महिन्याभरात साइडवॉलवर अंड्याएवढा फुगा. कंपनीचा माणूस आला, बोट फिरवलं, म्हणाला खड्ड्यात आपटलाय, वॉरंटीत बसत नाही. अहो, घोडबंदरला न आपटता जायचं कुठून? नाव लिहीत नाही, उगाच डोक्याला ताप.

रांगेतला_सीएनजी: म्हणून म्हणतो एमआरएफ.

कुर्ला_डेपो: सप्टेंबर २०२५पासून टायरचा जीएसटी २८चा १८ झालाय. जुन्या लिस्टवरून भाव सांगितला तर बिल मागा.

मुलुंडकर: सगळ्यांचे आभार. काम झालं. घराजवळच्या टायरवाल्याकडे अपोलोचे दोनच घेतले, पुढे टाकले. बाकीचे पैसे विम्याला.

पार्ल्याचा_पक्या: दोनच? मग आम्ही इतका वेळ काय करत होतो?

वहिनी_ऑन_व्हील्स: दोन घ्या हो, पण नवे मागे टाकायचे! पावसात पाण्यावर मागच्या टायरांची पकड सुटली की गाडी गोल फिरते, स्टिअरिंगने सावरत नाही. पुढच्यांची सुटली तर निदान कळतं तरी.

मुलुंडकर: टायरवाला म्हणाला पुढे इंजिन, पुढेच नवे.

वहिनी_ऑन_व्हील्स: सगळे तेच म्हणतात. पावसाआधी अदलाबदल करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

मुलुंडकर: बघतो. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, पार्किंगवरून.

लालबागचे_अण्णा: आमच्याकडे पण तेच. स्टॅक पार्किंगवाल्यांनी (एकावर एक गाड्या लावणाऱ्यांनी) नुसता उच्छाद मांडलाय.