कॅलिफोर्नियातली इम्पीरियल काउंटी: वाळवंटात हा समुद्र आला कुठून?

सुनबाई_इंदूर:
नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या दिराला अमेरिकेत, इम्पीरियल काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) एल सेंट्रो गावी नोकरी लागलीये, सासूबाई रोज विचारतात गाव कसं आहे, म्हणून मी नकाशा उघडून बसले. सगळं वाळवंट, त्यात एकदम हिरवेगार चौकोन, मेक्सिकोच्या सीमेला चिकटून, आणि वर हा भलामोठा सॉल्टन सी, समुद्र म्हणायचा पण कुठल्याच समुद्राला जोडलेला नाही. पाऊस वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर म्हणे, मग एवढं पाणी कुठलं? आणि तिकडे आपली भारतातली माणसं आहेत का?

पलासियाचे_पंत:
सगळी कोलोरॅडो नदीची करणी आहे ताई. तो खोलगट भाग समुद्रसपाटीच्याही खाली, एल सेंट्रो गावच साधारण १२ मीटर खाली आहे. नदीनं गाळ आणून आणून मधे बांध घातला आणि तो भाग कॅलिफोर्नियाच्या आखातापासून तुटला, मग नदी मधूनच इकडे वळायची, तळं भरायचं, पुन्हा आटायचं, असं हजारो वर्षं चाललं. १९०१ ला एका कंपनीनं कालव्यानं पाणी आणलं, लोक धडाधड येऊन वसले. तीन वर्षांत कालवा गाळानं बुजायला लागला, तर यांनी मेक्सिकोच्या हद्दीत नदीला नवं तोंड पाडलं आणि त्याला दरवाजेच बसवले नाहीत! १९०५ ला पूर आले, जवळजवळ अख्खी नदी त्यातून आत शिरली, रेल्वेचे रूळ पुन्हा पुन्हा उचलून उंचावर न्यावे लागले. शेवटी सदर्न पॅसिफिक रेल्वेनं गाड्याच्या गाड्या भरून दगड ओतले तेव्हा कुठे फेब्रुवारी १९०७ मध्ये ते भगदाड बंद झालं. आत साठलं तो सॉल्टन सी. त्याच वर्षी सॅन डिएगो काउंटीतून ही काउंटी वेगळी निघाली, कॅलिफोर्नियात तिच्यानंतर नवी काउंटी झालीच नाही.

सुनबाई_इंदूर:
बापरे! पण मग शंभर वर्षांत तो आटला कसा नाही काका?

रामबागचा_रिव्हरसाइडला:
वहिनी, शेतातनं निचरा होऊन येणाऱ्या पाण्यावर तो टिकला. आता पाणी येतं ते ऑल-अमेरिकन कालव्यातून, १९४० पासून, पूर्ण अमेरिकेच्या हद्दीतून. आपल्या इंदूरला जलूदहून नर्मदेचं पाणी पंपांनी वर चढवावं लागतं ना, तिथे उलटं, उतारानंच पाणी शेतापर्यंत येतं. भर हिवाळ्यात लेट्यूस, गाजर, कांदा आणि बारमाही अल्फाल्फाचा चारा. पण २००३ च्या करारानं इथलं बरंच पाणी सॅन डिएगोकडे वळवलं, शेतकऱ्यांनी काटकसर केली म्हणजे निचरा कमी, निचरा कमी म्हणजे तळं मागे हटतं. पाणी आता समुद्रापेक्षाही खारट झालंय, मासे गेले, माशांवर जगणारे पक्षी गेले, आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्याबरोबर गावांत येते. दम्याचा त्रास असलेली पोरं तिथे खूप आहेत, बहुतेक शेतमजुरांची, मेक्सिकन घरांतली. मला याचा फार राग येतो, पाणी वाचवल्याचं कौतुक शहरांना आणि खोकला या पोरांना.

ग्वाल्हेरची_मीनल:
आपली माणसं आहेत ना! विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पंजाबी शेतकरी तिथे गेले. १९१३ च्या कायद्यानं त्यांना जमीन घेता येईना, मग खंडानं किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचे, अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. मुलांची नावं काय असतील बघा, होसे सिंग वगैरे. त्यातलेच दलीपसिंग सौंद, अमृतसरकडचे, वेस्टमोरलँडला शेती केली, भारतीयांना नागरिक होऊ देणारा १९४६ चा कायदा झाल्यावर नागरिक झाले, तिथेच न्यायाधीश, आणि १९५६ ला थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले, आशियातून आलेला पहिला माणूस! हे शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही.

रामबागचा_रिव्हरसाइडला:
मीनलताई बरोबर. वहिनी, दिराला सांगा उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, एसी नीट चालू आहे का ते बघूनच घर घ्यायचं. आणि श्वासाचा त्रास असेल तर नायलंड, कॅलिपॅट्रियाकडे तळ्याजवळ बिलकुल नको, एल सेंट्रोच बरं.