घरात जुनं मशीन आणलंत का कधी? (माझी चामडं कापायची प्रेस)

लोकमान्यनगरवाली:
आज शर्टाचं बटण शोधायला डबा पालथा केला आणि बटणांत पितळेची पट्टी निघाली. बोटाच्या पेराएवढी, दोन टोकांना दोन भोकं. लेक म्हणाली, "आई, हे कुठल्या पर्सचं?" पर्सचं नाही गं, पर्स कापणाऱ्याचं.

2019 साली देवासला एक कारखाना बंद होत होता, तिथून जुनी प्रेस घेतली. 20 टन दाबाची, वरची भुजा फिरते ती. 78 हजार. तोवर सगळं रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, कापायचे. दोनशे पाकिटांची ऑर्डर आली की मनगट गेलंच म्हणून समजा. प्रेसवर काय, फर्मा (पाकिटाच्या आकाराचं धारदार पातं) चामड्यावर ठेवायचा, भुजा त्याच्यावर आणायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची. ठक्.

गाडी ठेवायच्या जागेत बसवायची होती. पाऊण टनाचं धूड टेंपोतून उतरवायला चेनपुली, चार हमाल आणि अख्ख्या गल्लीचे सल्ले. सासूबाईंचं एकच म्हणणं, "देवघराच्या भिंतीला चामडं लागता कामा नये." लागत नाही. मध्ये न्हाणीघर आहे.

खरी गंमत वायरिंगची. मोटर दीड हॉर्सपॉवर, थ्री फेज, 415 व्होल्ट. घरात सिंगल फेज. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ड्राइव्ह लावू, आत सिंगल जाईल, बाहेर थ्री फेज येईल. लावला. मोटर फिरली, पेढे वाटले. अस्तर छान कापलं. मग 3 मिमीचं म्हशीचं चामडं ठेवलं, तर मशीन कण्हायला लागलं आणि ड्राइव्ह बंद. चामड्यावर फर्म्याचा नुसता ठसा, पुरणपोळीवर वाटी टेकवावी तसा. तो म्हणाला तेल खराब. 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल आणून अख्खी टाकी बदलली. तेच. मग म्हणाला पंप गेला. पंपाचा भाव ऐकून मी जिन्यात जाऊन बसले.

इथले, इंदूरच्या मालवा मिलकडचे एक म्हातारे वाइंडिंगवाले काका आले. पंपाकडे ढुंकून बघितलं नाही. मोटरीवरची डबी उघडली. आत सहा बोल्ट, दोन पट्ट्या आडव्या. "बेटा, ये तो स्टार में है. ड्राइव से तो 230 ही निकल रहा." आडव्या काढल्या, खिसे चाचपून तिसरी काढली, तिन्ही उभ्या बसवल्या. डेल्टा. या मोटरीला स्टार म्हणजे 415 व्होल्टची जोडणी, डेल्टा म्हणजे 230ची. दहा मिनिटंही नाही लागली. तेच चामडं ठेवलं. ठक्.

पैसे घेईनात. शेवटी त्याच चामड्याचं पाकीट करून नेऊन दिलं.

पुढे थ्री फेज कनेक्शन आलं, पट्ट्या परत आडव्या झाल्या. दोन लागल्या, एक उरली. ती ही. काका मागच्या वर्षी गेले.

तुमच्याकडे असं काही आलं असेल तर लिहा ना.

जीरावन:
ते पुरणपोळी आणि वाटीचं वाचून भूक लागली. बाकी नंतर वाचतो.

वळणाची_तार:
काका खरे कारागीर. 230 वर स्टार म्हणजे एकेका वाइंडिंगला 133 व्होल्टच. जोर एक तृतीयांश राहतो. रिकामं फिरेल, दाब आला की बसेल. तेल बिचारं निर्दोष. पण हे वाचून कुणी उठून पट्ट्या फिरवू नका, आधी मोटरीची पाटी वाचा. 240/415 असेल तरच. आणि थ्री फेज आल्यावर परत आडव्या केल्यात ते बरं झालं, डेल्टातच 415 दिलं असतं तर मोटरीचा धूर थेट राजवाड्यावरून दिसला असता.

लष्करची_सून:
कुकर लागलाय, थोडक्यात लिहिते. ग्वाल्हेरला आमच्याकडे चामड्याचं जाड शिलाई मशीन आलं, सेकंडहँड. क्लच मोटर. पाय ठेवा न ठेवा, ती आपली घूं घूं करत फिरतच राहते. सासरे बातम्या ऐकायचे त्याच खोलीत. एक दिवस टेबलावर सर्व्हो मोटरीचा खोका, सासऱ्यांनीच पेन्शनमधून आणला होता! पाय दाबला तरच फिरते, हळू पण चालते, लाईटबिल कमी. आता इतकी शांतता की तेच विचारतात, शिवतेस ना गं, की मोबाईल बघतेस?
शिट्ट्या झाल्या. जाते.

टाकाऊटिकाऊ:
रापी वाचून बरं वाटलं, माझ्या मुलांना शब्दच माहीत नाही. इंदूरच्या चामडी खेळण्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे हेही आपल्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. तारेचा सांगाडा आणि वरून कातडं. लहानपणी आमच्या दिवाणखान्यात घोडा होता. एक कान उंदरानं खाल्ला. आई पाहुण्यांसमोर तीच बाजू भिंतीकडे करायची.

जीरावन:
आमच्याकडे उंट होता. त्याचे दोन्ही कान शाबूत. 😎

बोटभर:
दोन बटणांबद्दल लिहायचंय. ती दोन असतात ती दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. माझे वडील चपलांच्या कारखान्यात होते. तिथल्या प्रेसचं एक बटण तार मारून कायमचं दाबून ठेवलेलं, एका हातानं काम झटपट होतं म्हणून. दुसऱ्या हातानं ते फर्मा सरळ करत होते. उजव्या तर्जनीचं पेर. मी तिसरीत. त्यानंतर वडील सही डाव्या हातानं करायला शिकले. माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या दोन तऱ्हेच्या आहेत, बाई विचारायच्या.
जुनी प्रेस घेताना बाकी काही बघा न बघा, ही बटणं बघाच.

लोकमान्यनगरवाली:
@बोटभर, खरं सांगू, आमच्याही प्रेसचं डावं बटण असंच होतं. काळी टेप, आत काडीपेटीची काडी खोचलेली. काकांनीच दाखवलं. काडी काढून माझ्या हातावर ठेवली, बोलले काहीच नाहीत. वर लिहायचं राहिलं. की टाळलं, कोण जाणे. त्या आधी आठवडाभर मी तशीच चालवत होते.

बोटभर:
असू दे. काढलीत ना.

माळवी_माती:
अर्थिंग कसं केलंत? आपली काळी माती पावसात मस्त, पण मे महिन्यात तडे जातात आणि अर्थिंग नावालाच उरतं. आमच्या पिठाच्या गिरणीच्या अंगाला हात लावला की मुंग्या यायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, चक्कीत करंट है भिया, आटा भी तेज निकलेगा.

लोकमान्यनगरवाली:
@माळवी_माती, प्लेट पुरली, कोळसा-मीठ घालून. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. हे खातं सासूबाईंकडे आहे. सकाळी आधी तुळस, मग तोच तांब्या अर्थिंगला. चामड्याला अजून हात लावत नाहीत, पण "आज पाणी घातलं का" हे मी विचारलेलं खपत नाही.

आजी_ऑनलाइन:
तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग हो. आमच्या वेळी तांब्याभर पाणी शेजाऱ्यांच्या अर्थिंगलासुद्धा घालायचो. कुणाला तिलकनगरात कैरीचं लोणचं हवं असेल तर सांगा, यंदा जास्त झालंय.

जीरावन:
मला! मला!

मकरपुरा:
बडोद्याहून. आमची पुठ्ठा कापायची जुनी मशीन, हायड्रॉलिकच. पहिल्या दिवशी चालू केली तर मोटरीचा आवाज येतोय आणि पातं जागचं हलत नाही. मालकानं फसवलं म्हणून भावानं फोनवर त्याला यथेच्छ ऐकवलं, अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत. मग मोटरीवर बाण दिसला. मोटर उलटी फिरत होती. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते, एवढंच होतं. भावानं परत फोन करून माफी मागितली, तीही निम्मी गुजरातीत.
आता मूळ मुद्दा. पट्ट्या आमच्याही तीन होत्या, एक गटारात गेली. चार महिने तिथे तांब्याची तार पिळून लावलीय.

वळणाची_तार:
@मकरपुरा, पिळलेली तार??? सैल पडली की तापेल, आणि मग बोल्टासकट डबी जाईल. आजच बदला. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, विचारा तरी.

मकरपुरा:
विचारलं हो दोन ठिकाणी. पूर्ण मोटर घ्या म्हणतात.

लोकमान्यनगरवाली:
@मकरपुरा, दोन भोकांच्या मधलं अंतर मोजून सांगा. माझ्या पट्टीचं आत्ताच पट्टीनं मोजलं (हसू नका), मध्यापासून मध्यापर्यंत 20 मिमी.

मकरपुरा:
मशीन बंद करून मोजली. 20च!

लोकमान्यनगरवाली:
पत्ता कळवा. उद्या कुरियर करते. काकांची आहे, घट्ट आवळा.

जीरावन:
त्याच पाकिटात बडोद्याला थोडं जीरावन (आपला पोह्यांवरचा मसाला) पण टाका, तिकडे मिळत नाही. आणि आजी, लोणच्याचं काय झालं?