फटीत कार्ड जातं म्हणून गिटार खोलायची?

बारावा फ्रेट (वेंगुर्ला)

परवा एका सद्गृहस्थांनी फतवा काढला: "बोल्ट-ऑन (नेक म्हणजे मान स्क्रूने लावलेल्या) गिटारच्या नेक आणि बॉडीच्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड जात असेल तर सस्टेन, म्हणजे सूर रेंगाळणं, मेला म्हणून समजा. नेक काढा, फट भरा, मगच वाजवा." खाली लाइकांचा पाऊस. काल त्याचा परिणाम माझ्या दारात उभा. कॉलेजातला पोरगा, नवीकोरी गिटार, रडवेला चेहरा: "काका, हिच्यात कार्ड जातंय." गिटार सुरात, ॲक्शन (नेकपासून तारांची उंची) झकास, तारा सरळ. पण कार्ड जातंय ना! म्हणून हे लांबण लावतोय.

आधी फट कुठे आहे ते तरी बघा. बाजूला असेल तर ती निव्वळ दिसण्यापुरती. नेकला धरून ठेवतो तो बॉडीतल्या खोबणीचा तळ आणि स्क्रूंचा दाब. बाजूच्या भिंती ती सरळ बसवायला. १०-४६ जाडीच्या तारांचा सेट सुरात लावला की सगळ्या तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या वर जातो. तेवढा सोसून जी नेक जागची हलत नाही, तिचं एक कार्ड काय वाकडं करणार?

पातळ ई तार कडेवरून घसरतेय, हाताने दाबली की नेक सरकतेय, किंवा सॅडल (ब्रिजवरचे, तारा टेकतात ते तुकडे) पार तळाला टेकवूनही ॲक्शन उंचच राहतेय, तर जरूर खोला. नाहीतर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. मेपलमध्ये लाकडी स्क्रू जितके काढाल-घालाल तितके आटे जाणार, आणि मग खरोखरची सैल नेक मिळेल.

असल्या गिटारी बनवणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. नेक स्क्रूने लावली ती झटपट बदलता यावी म्हणून, देव्हाऱ्यात ठेवायला नव्हे. जुन्या फेंडर खोलल्या तर नेकचा कोन साधायला कारखान्यातच खोबणीत घातलेली पट्टी सापडते. १९७१ च्या सुमारास तर त्यांनी तीन स्क्रूंच्या नेकमध्ये कोन बदलायची सोयच करून दिली. सांधा 'परफेक्ट' असावा असं खुद्द बनवणाऱ्यालाही वाटलं नव्हतं.

खारा वारा (मालवण)

काका, तुमचं ज्ञान मान्य. पण ते कॅलिफोर्नियाच्या हवेतलं. इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्र आपलं मीठ पाठवत असतो.

माझी सेकंडहँड गिटार. फट होती, बाजूचीच, तुमच्या भाषेत दिसण्यापुरती. मीही म्हटलं, वाजतेय ना, वाजू दे. गणपतीत कणकवलीला कार्यक्रम, दुसऱ्याच गाण्याला नेक सरकली. जुनी तार ओढताना सूर धरेना. घरी येऊन स्क्रू काढायला गेलो तर एकाचं डोकंच हातात आलं! आत पूर्ण गंज. खोबणीचा तळ कच्च्या लाकडाचा, त्यावर रंगाचे ओघळ आणि भुसा, म्हणजे नेक टेकली होती ती दोन-तीन गाठींवर. हे वरून दिसत नाही. म्हणून मे महिन्यात एकदा खोला, तळ साफ करा, फट असेल तर भरा. "काही होत नाही" म्हणणारे नंतर तुटलेला स्क्रू काढून द्यायला येत नाहीत.

लाकूडतोड्या (सावंतवाडी)

दोघांचंही बरोबर, पण भांडण पट्टीवर आणा. लग्नपत्रिकेचा तुकडा घालणारे बघितलेत, सँडपेपर घालणारे बघितलेत. पत्रिका पावसात दमट होते. त्यापेक्षा आमच्या सुतारकाकांकडून शिसवीची पातळ पाचर रंधून घ्या. पूर्ण खोबणीएवढी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला शून्य. पंधरा मिनिटांचं काम.

पवईकर (मूळ गाव कुडाळ)

सुताराकडून??? दिवे घ्या, पण इथेच तुमचं सगळं बिघडतं. नेकचा कोन पाव-अर्ध्या अंशात मोजतात. माझ्या चुलतभावाच्या बोल्ट-ऑनला गावच्या सुताराने फेव्हिकॉल ओतून वर स्क्रू मारले. वर म्हणतो, आता शंभर वर्षं हलणार नाही. हलली नाहीच! अशी कामं मुंबईत सेटअप करणाऱ्यांकडेच न्यावीत.

लाकूडतोड्या (सावंतवाडी)

आले. गणपतीला अजून वेळ आहे, तरी आले चाकरमान्यांचे सल्ले.

तुमच्या मुंबईतल्याच एका दुकानात माझ्या बेसचे स्क्रू ड्रिल मशीनने आवळले होते. चारही आटे गेले. ते कोणी भरले? सुतारकाकांनी. भोकं मोठी करून, सागाचे दट्टे चिकटवून, पुन्हा बारीक भोक पाडून. आमच्याकडच्या डबलबारीच्या (भजनाच्या सामन्यांच्या) अर्ध्या पेट्यांचे सांधे त्यांच्या हातचे आहेत. त्या सांध्यात केस घालून दाखवा. आणि हो, गिटार मुंबईला न्यायची ती कुठून? २०११ पासून ज्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण चाललंय तिथून? घट्ट बसवलेली नेकही पनवेलजवळच्या पळस्प्याला पोचेपर्यंत खुळखुळा होईल.

पवईकर (मूळ गाव कुडाळ)

महामार्ग मी खणलेला नाही. विषय गिटारचा आहे. आणि "आले" म्हणजे काय? गाव माझंही आहे. घर बंद आहे म्हणून माणूस परका होत नाही.

गजालीवाला

अरे झिलांनो, गिटार वाजता मां? मगे कित्याक खोलतास? आमच्या मिरवणुकीतल्या बटणांच्या बेंजोक ना नेक, ना खोबण. पावसात भिजान पण गणपती पोचवन येता.

खारा वारा (मालवण)

बेंजोचे आवाज मिरवणुकीत कोणाला ऐकू येतात म्हणा, सुरात असो नसो. (पळतो.)

जुना बेसवाला (दापोली)

सुतार, चाकरमानी, बेंजो सगळं झालं असेल तर दोन कामाच्या गोष्टी.

एक, बॉडीतल्या भोकांमधून स्क्रू मोकळा, नुसता ढकलून जायला हवा. आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. दोन्हीकडे धरले तर कितीही आवळा, तळाची फट तशीच राहते. निम्म्या 'खराब सांध्यां'ना हाच रोग असतो. पट्टी नको, भरणी नको, बॉडीतली भोकं हलकेच मोठी करा.

दुसरं, पाचर कितीची, याचा हिशेब. स्ट्रॅटची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची) खोबण साधारण ७५ मिलीमीटर लांब. तिच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्धा मिलीमीटर उचललं तर नेक पाव अंशाहून जास्त मागे झुकते आणि तीच ॲक्शन ठेवायला सॅडल जवळजवळ पावणेदोन मिलीमीटर वर घ्यावे लागतात. म्हणजे अर्धा मिलीमीटर ही फार मोठी गोष्ट आहे. सुतार असो की पवईचा तज्ज्ञ, आधी मोजपट्टी दाखवा म्हणावं.

लाकूडतोड्या (सावंतवाडी)

काकांकडे व्हर्नियर आहे. विचारलं नाही कोणी.

नवशिक्या

माझ्या गिटारला खोबणीच्या कोपऱ्यापासून केसाएवढी चीर आहे. झोप लागत नाही.

बारावा फ्रेट (वेंगुर्ला)

झोपा. नेक हलकेच वरखाली दाबून बघा. चीर उघडझाप करत नसेल तर ती रंगाची आहे, लाकडाची नाही. नेक फार घट्ट बसवली आणि लाकूड फुगलं-आकसलं की तिथला रंग तडकतो. आता सांगा, फट नको म्हणणारे, बिनफटीचं हे बक्षीस हवंय का?

आणि आमच्याकडे जुलैत ॲक्शन वाढली की सगळे सांध्यावर तुटून पडतात. तो सांधा नसतो, नेकने दमट हवेत घेतलेला बाक असतो. ट्रस रॉडचा (नेकमधल्या, बाक सरळ करणाऱ्या सळईचा) पाव फेरा, काम खलास. पट्टीलाही माझा विरोध नाही. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवतो तेव्हा तंबोरा सदोष आहे असं कोण म्हणतं? जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, लागावी म्हणून घालतो. कानाला गरज भासली तर पाचर घाला. कार्डाला भासली म्हणून नको.

खारा वारा (मालवण)

सूत तारेखाली असतं, गंजलेला स्क्रू सांध्यात. उदाहरण छान, लागू नाही.

तरी बरं, एवढं देतो: नव्या गिटारची नेक उगाच काढू नये. पण किनाऱ्यावर पावसाळे काढलेल्या गिटारचे स्क्रू तपासायचेच. यात पळवाट नाही.

बारावा फ्रेट (वेंगुर्ला)

स्क्रू तपासू नका असं मी कुठे लिहिलंय? दाखवा. तारा सैल करा, एकेक स्क्रू काढून बघा, परत घाला, मग पुढचा. नेक जागची हलवायचीही गरज नाही. परत घालताना हाताने उलटा फिरवून जुना आटा सापडला की मगच आवळा. तार थोडी कडेला गेली असेल तर गिटार सुरात ठेवूनच स्क्रू जेमतेम ढिले करा, नेक ओढून मधे आणा, आवळा. याला खोलणं म्हणत नाहीत.

खारा वारा (मालवण)

म्हणजे मी सांगितलं तेच, फक्त तुमच्या तोंडून. आभारी आहे. स्क्रूला साबण लावतो मी, आत सहज जातो.

जुना बेसवाला (दापोली)

साबण?? तो ओलावा ओढतो. गंजाचं मूळ शोधत होतास ना? मेणबत्ती घास.

खारा वारा (मालवण)

…मेण तर मेण.

लाकूडतोड्या (सावंतवाडी)

पवईकर, गणपतीला कुडाळला येणार ना? गिटार आणा. सुतारकाका हात लावणार नाहीत, नुसतं बघतील.

पवईकर (मूळ गाव कुडाळ)

येतोय. रेल्वेने, गिटार मांडीवर घेऊन. व्हर्नियर बघायला द्या, मग ठरवू कोणी हात लावायचा ते.