हवामान उद्दिष्टांचा हिशेब संसदेत नेमका कोण विचारतो?

पाटीपुस्तक (प्रश्न)

मी माध्यमिक शाळेत राज्यशास्त्र शिकवतो. संसदेचे कार्यकारी मंडळावरील नियंत्रण हा भाग आला की प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, अविश्वास ठराव ही ठरलेली उदाहरणे देऊन मी पुढे जात असे. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन आपण दिले, ते संसदेत कोणत्या दिवशी मंजूर झाले?" मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन शोधले तेव्हा कळले ते असे. निव्वळ शून्याचे, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषून घेण्याचे, वचन 1 नोव्हेंबर 2021 रोजी ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर झाले. तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराखालील सुधारित उद्दिष्टांना 3 ऑगस्ट 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच महिन्यात ती संयुक्त राष्ट्रांकडे पाठवण्यात आली. 2005 च्या तुलनेत सकल उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता (प्रत्येक रुपयाच्या उत्पादनामागे होणारे उत्सर्जन) 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी कमी करणे आणि वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता बिगरजीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांची असणे, ही त्यांतली दोन प्रमुख. या प्रवासात लोकसभेतील किंवा राज्यसभेतील मतदानाचा टप्पा कुठेच नाही. हे घटनेला धरून आहे का? आणि असेल, तर पुढची तीस-चाळीस वर्षे या वचनांचा पाठपुरावा संसदेच्या कोणत्या खोलीत होणार आहे?

तळटीप

घटनेला धरून आहे. आंतरराष्ट्रीय करार करणे आपल्याकडे कार्यकारी मंडळाच्या अधिकारात येते. करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद 253 संसदेला देतो, मात्र करारावर सही करण्यापूर्वी किंवा त्याचे अनुसमर्थन (सहीनंतरची अंतिम मान्यता) करण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन घालत नाही. पॅरिस कराराचे अनुसमर्थन 2 ऑक्टोबर 2016 रोजी झाले, तेही याच वाटेने.

खोलीचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण खोली एक नसून निदान चार आहेत. ऊर्जा मंत्रालय आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय ऊर्जाविषयक स्थायी समितीकडे (मंत्रालयांचे काम तपासणारी खासदारांची कायम समिती), पर्यावरण मंत्रालय विज्ञान-तंत्रज्ञान व पर्यावरणाच्या समितीकडे, कोळसा हा कोळसा-खाण-पोलाद समितीकडे आणि तेल व वायू पेट्रोलियमच्या समितीकडे. सौरऊर्जा किती वाढली हे एक समिती विचारते, कोळशाचे उत्पादन का वाढले नाही हे दुसरी विचारते, आणि या दोन्ही प्रश्नांची बेरीज करण्याचे काम कोणाचेच नाही.

तरीही या समित्यांना कमी लेखू नये. लोकसभेत अनुदानाच्या बहुतेक मागण्या (मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव) चर्चेविना, 'गिलोटिन' लावून एकगठ्ठा मंजूर होतात. त्यांची खरी उलटतपासणी समितीच्या बंद दाराआड होते. 2015 च्या अर्थसंकल्पी भाषणात 2022 पर्यंत 175 गिगावॅट नवीकरणीय क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. त्यातले 40 गिगावॅट घरांच्या आणि इमारतींच्या छतांवरून यायचे होते. ही छते मागे पडत आहेत, असे ऊर्जा समितीने मागण्यांवरील अहवालांत एकाहून अधिक वेळा सुनावले. 2022 सरले तेव्हा एकूण क्षमता 120 गिगावॅटच्या आसपास होती आणि छतांवरची 8 गिगावॅटलाही पोहोचली नव्हती. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, पण प्रत्येक शिफारशीवर काय केले हे मंत्रालयाला लेखी कळवावे लागते, आणि ते उत्तर पटले नाही तर समिती तसे पुढच्या अहवालात नोंदवते. वर्तमानपत्रांत हे क्वचितच येते. वर्गात दाखवायचे असेल, तर हे अहवाल जरूर दाखवा.

उन्हाळी

मला मुद्दा टाकायचा आहे तो मोजमापाचा. जून 2025 मध्ये देशाच्या सुमारे 485 गिगावॅट क्षमतेपैकी 243 गिगावॅट बिगरजीवाश्म झाली, म्हणजे 2030 चे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले, असे सरकारने जाहीर केले. ते खरेच आहे. पण त्याच सुमारास प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत 70 टक्क्यांहून अधिक वाटा कोळशाचा होता.

हे दोन आकडे एकत्र कसे नांदतात, ते माझ्या छतावर येऊन पाहावे. तिथे 3 किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. ते चोवीस तास पूर्ण ताकदीने चालले असते तर दिवसाला 72 युनिट मिळाले असते. मिळतात सरासरी 12. पावसाळ्यात तेवढेही नाहीत. शिवाय नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा मीटर) बसायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत अर्ज 'प्रक्रियेत' होता आणि माझ्यापुरती स्थापित क्षमता 3 किलोवॅट, निर्मिती शून्य अशी स्थिती होती. (बायको रोज वर जाऊन पॅनेलच्या सावलीत पापड वाळवण्याचा विचार बोलून दाखवी.)

म्हणून माझा आक्षेप असा की, उद्दिष्ट क्षमतेत मांडायचे की निर्मितीत, हा निर्णयच मुळात धोरणाचा गाभा आहे, आणि नेमकी त्यावरच सभागृहात चर्चा झालेली नाही. माप सरकारने निवडायचे, मोजायचेही सरकारनेच, आणि खासदारांनी फक्त निकाल ऐकायचा. ग्लासगोला जाहीर झालेला 500 गिगावॅटचा आकडा घ्या. मंत्री तो भाषणांत सांगतात, मंत्रालये त्यावर नियोजन करतात, पण 2022 च्या अधिकृत उद्दिष्टांत तो नाही. मग खासदाराने त्याला वचन समजून जाब विचारायचा की आकांक्षा समजून सोडून द्यायचे?

दूरदेशी

मी गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून तिथली व्यवस्था सांगतो. 2008 च्या हवामान बदल कायद्याने उद्दिष्टच कायद्यात लिहिले. दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाचे 'कार्बन बजेट', म्हणजे कमाल मर्यादा, ठरते आणि ते सुमारे बारा वर्षे आधी निश्चित करावे लागते. स्वतंत्र हवामान समिती दरवर्षी प्रगतीचा अहवाल संसदेला सादर करते आणि सरकारला त्याचे उत्तर ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे ठेवावेच लागते. सरकारची योजना पुरेशी स्पष्ट नाही म्हणून उच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला, तो याच कायद्याच्या बळावर. भारतातही असा एक कायदा झाला तर पाटीपुस्तक यांच्या विद्यार्थिनीला तारीख सांगता येईल.

तळटीप

दूरदेशी, आपले म्हणणे मान्य, पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2019 मध्ये 80 टक्के कपातीचे उद्दिष्ट बदलून निव्वळ शून्य करण्यात आले, तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यावर दीड तास चर्चा झाली आणि मतविभाजनाची वेळही आली नाही. पुढच्या तीन दशकांचे अर्थकारण बदलणारा निर्णय दीड तासात! ज्या एकमताचे तेव्हा कौतुक झाले ते आज उरलेले नाही. तिथला प्रमुख विरोधी पक्ष हा कायदाच रद्द करण्याची भाषा करतो आहे. कायदा असला म्हणजे छाननी झाली, असे समजणे बरोबर नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ज्या 3 ऑगस्ट 2022 रोजी मंत्रिमंडळाने उद्दिष्टांना मान्यता दिली, त्याच दिवशी ऊर्जा संवर्धन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले. देशातल्या कार्बन बाजाराचा, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या पतपत्रांच्या खरेदी-विक्रीचा, पाया त्यात आहे. पाच दिवसांत, 8 ऑगस्टला, ते लोकसभेत मंजूर झाले. स्थायी समितीकडे गेलेच नाही. त्याच 8 ऑगस्टला वीज कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले आणि ते मात्र ऊर्जा समितीकडे पाठवण्यात आले. फरक कशाने पडला? माझ्या मते, वीज दुरुस्तीला कर्मचारी संघटना, शेतकरी आणि काही राज्ये रस्त्यावर येऊन विरोध करत होती, तर कार्बन पतपत्रांसाठी मोर्चा काढणारा कोणी नव्हता. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्यात 16 टक्के. गोंगाट झाला तरच छाननी होणार असेल, तर हवामानासारखा सावकाश चढणारा विषय कायमच मागे राहील.

माळरान

सोलापूरकडचा असल्याने माळढोकाचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. राजस्थान-गुजरातमधील सौर व पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांना धडकून हा पक्षी मरतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयात खटला सुरू होता. 21 मार्च 2024 च्या निकालात न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद 14 आणि 21 मध्ये सामावलेला आहे असे सांगितले, आणि हवामान बदलावर देशात एकच सर्वंकष कायदा नाही हेही नोंदवले. एका पक्ष्याच्या खटल्यातून ही गोष्ट बाहेर यावी, संसदेच्या चर्चेतून नव्हे!

तरीही दूरदेशी यांचा नमुना जसाच्या तसा इथे बसणार नाही. वीज हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदा करता येणारा, विषय आहे. केंद्राने दिल्लीत आकडा ठरवला तरी वीज कोणाकडून, कोणत्या दराने घ्यायची हे राज्यांच्या वितरण कंपन्या आणि नियामक आयोग ठरवतात. मुंबईत दरनिश्चितीची जाहीर सुनावणी होते, तिथे ग्राहक प्रतिनिधी पानन्‌पान वाचून आक्षेप घेतात. हवामानाचा विचार प्रत्यक्षात तिथे होतो किंवा होत नाही. विधानसभेत तर त्याचा उल्लेख वीजबिलाच्या निमित्तानेच येतो.

पाटीपुस्तक

सर्वांचे आभार. मधल्या काळात मी संसदेच्या संकेतस्थळावरून अतारांकित प्रश्नांची (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळते) काही उत्तरे उतरवून छापून घेतली. एक गोष्ट पहिल्याच पानावर डोळ्यांत भरली. खासदाराचा प्रश्न क, ख, ग, घ अशा चार भागांत विचारलेला असतो आणि उत्तर सुरू होते 'क ते घ' असे एकत्र. त्याखाली योजनांची नावे, मग तक्ता. किती झाले ते सापडते; का झाले नाही, हा जो 'ग' होता, तो तक्त्यात विरघळून गेलेला असतो. अतारांकित प्रश्नाला पुरवणी प्रश्न नसल्याने खासदाराला तिथल्या तिथे "माझ्या ग चे काय?" असे विचारताही येत नाही. लोकसभेत दिवसाला तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न वीसच, आणि तासाभरात तोंडी उत्तरे होतात ती त्यांतल्या मोजक्यांचीच.

मी ही पाने वर्गात वाटली आणि कोणत्या उपप्रश्नाचे उत्तर मिळाले नाही ते पेन्सिलीने खुणावायला सांगितले. अर्ध्या तासाचे काम समजलो होतो, तास पुरला नाही.

तळटीप

त्याच पानांवर आणखी एक खूण करायला सांगा. 'विचाराधीन आहे' किंवा 'माहिती संकलित करण्यात येत आहे' अशी वाक्ये जिथे असतील, तिथे रेघ मारायची. अशी वाक्ये आश्वासने मानली जातात, ती साधारणपणे तीन महिन्यांत पुरी करणे अपेक्षित असते, आणि त्यांचा पाठपुरावा करणारी सरकारी आश्वासन समिती दोन्ही सभागृहांत आहे. रेघा मारून झाल्या की प्रत्येकीसमोर उत्तराची तारीख लिहून ठेवा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पाहा.